क्रिएटिनिन १.२ आणि रिकामी युरोबॅग : एकेआय वेळेत कसा ओळखायचा

मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या, इंटर्नच्या किंवा स्टाफ नर्सच्या हाताशी नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा तज्ज्ञ, नसतो. तो संभाजीनगरला, लातूरला, नांदेडला, नाहीतर थेट हैदराबादला. किडनीला अचानक इजा झालेला पेशंट मात्र आधी तुमच्याच दारात येतो, आणि 'किडनीचा पेशंट' म्हणून येत नाही. जुलाब-उलटीचा, तापाचा, साप चावलेला, बाळंतपणात रक्त गेलेली, उन्हात चक्कर येऊन पडलेला, अशा नावांनी येतो. चार-सहा दिवसांनी तोंड सुजून, धाप लागून तो वरच्या दवाखान्यात पोचतो. तिथला डॉक्टर आधीचे कागद चाळतो. त्यात सलाईनच्या बाटल्या किती लावल्या ते असतं, कोणतं अँटिबायोटिक दिलं ते असतं, लघवी किती झाली ते मात्र कुठेच नसतं.

एकेआय (अॅक्यूट किडनी इंजरी) म्हणजे तासांत किंवा दिवसांत किडनीचं काम घसरणं. वेळेत ओळखला तर बऱ्याच पेशंटची किडनी पूर्ववत होते. ओळखायला लागणारी सामग्री बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत असते : मोजपात्र, वजनकाटा, बीपीचं यंत्र, लघवीची पट्टी, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, किडनी मंदावली की याचा आकडा चढतो) आणि ईसीजी. खालची वाट मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलांचं गणित थोडं निराळं, त्याबद्दल ओघात येईल तेवढंच सांगेन.

पायरी १ : संशय कुणावर घ्यायचा

आपल्याकडे एकेआय ऋतूप्रमाणे येतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की वीटभट्टीवरचे, रस्त्याच्या कामावरचे, रानात राबणारे लोक येतात. यातल्या बाया विशेष लक्षात ठेवा. कामाच्या जागी आडोसा नसतो म्हणून कितीतरी जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. पावसाळा लागला, विहिरीत गढूळ पाणी उतरलं की गॅस्ट्रोची साथ. त्याच्या मागोमाग डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस, लेप्टो. पेरणी-खुरपणीपासून सोयाबीन काढणीपर्यंत साप. आणि बारमाही असतात ते बाळंतपणातला रक्तस्राव, सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग), प्रोस्टेट, मुतखडा आणि विषबाधा.

विषबाधेत फक्त कीटकनाशकाचा विचार करून थांबू नका. पॅराक्वाट हे तणनाशक किडनीवर लवकर घाव घालतं. मोरचूद पोटात गेलं तर रक्तपेशी फुटतात आणि त्याचा भार किडनीवर येतो. केस काळे करायचा डाय प्यायलेल्या पेशंटचा चेहरा-मान सुजते, अंग ठणकतं आणि लघवी तपकिरी होते. तिथे श्वासनलिका आधी सांभाळायची, पण स्नायू विरघळून किडनी बसण्याचा धोका त्याच दिवसापासून धरायचा. लहान मूल खोकल्याचं औषध घेतल्यावर उलट्या करू लागलं आणि त्याची लघवी बंद झाली, तर औषधाची बाटली आधी ताब्यात घ्या. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलने १४ पेशंट किडनी बंद पडून दगावले होते. ते विष तेव्हापासून अधूनमधून डोकं वर काढतच आलंय.

आता गोळ्या. 'कोणती औषधं चालू आहेत?' या प्रश्नाला आपल्याकडे 'काही नाही' असंच उत्तर येतं, कारण अंगदुखीच्या गोळीला कुणी औषध मानत नाही. म्हणून नाव घेऊन विचारा : "बाबा, गुडघ्यासाठी गोळी खाता का? मेडिकलवरून आणता का? कुणी इंजेक्शन मारलं का या चार दिवसांत?" मग पिशवीतून पट्ट्या निघतात. बीपीसाठी टेल्मिसार्टन, सोबत लघवीची गोळी आणि वरून दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, ही तिकडी चांगल्या किडनीलाही अडचणीत आणते. त्यात दोन दिवस जुलाब झालेले असतील आणि जेंटामायसिन किंवा अमिकासिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन पडलं असेल, तर दुष्काळात तेरावा महिना. काढे, भस्म, गावठी औषध यांबद्दलही विचारा, पण कपाळाला आठ्या न घालता. आठ्या दिसल्या की पेशंट गप्प होतो.

ज्यांची किडनी आधीच नाजूक असते ते वेगळे काढून ठेवा : साठीपुढचे, शुगरवाले, हृदय किंवा लिव्हरचे पेशंट, एकच किडनी असलेले, पूर्वी एकदा एकेआय होऊन गेलेले. यातला एखादा नुसत्या तापाने भरती झाला तरी पहिल्याच दिवशी क्रिएटिनिन पाठवा.

पायरी २ : आकडे पाठ करा

केडिगो या, किडनीच्या आजारांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१२ साली दिलेली व्याख्या आजही सगळीकडे चालते. तीनपैकी एक गोष्ट जुळली की एकेआय. क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढलं. किंवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट झालं. किंवा सलग सहा तास लघवी ताशी, किलोमागे अर्ध्या मिलीपेक्षा कमी झाली.

तीव्रतेच्या पायऱ्या अशा. मूळ आकड्याच्या १.५ ते १.९ पट, किंवा ०.३ ची वाढ, ही पहिली. २ ते २.९ पट म्हणजे दुसरी. लघवी बारा तास कमी असली तरी दुसरीच. तिप्पट किंवा जास्त, क्रिएटिनिन वाढत ४ च्या वर, लघवी चोवीस तास ताशी, किलोमागे ०.३ मिलीखाली, बारा तास एक थेंब नाही, किंवा डायलिसिस लागलं, यांपैकी काहीही असलं की तिसरी. क्रिएटिनिन एक पायरी सांगत असेल आणि लघवी दुसरी, तर त्यातली जी वरची ती धरायची.

यातला ०.३ हा आकडा नव्या डॉक्टरला फसवतो. रिपोर्टवर 'नॉर्मल ०.६ ते १.२' असं छापलेलं असतं. सोमवारी ०.७ असलेलं क्रिएटिनिन बुधवारी १.१ आलं, तर लॅबवाला त्याखाली लाल रेघ मारत नाही आणि राउंड पुढे सरकतो. पण तो एकेआय आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. पस्तीस किलोच्या, हाडं दिसणाऱ्या आजीला स्नायू असतात किती? तिचा मूळ आकडा ०.५ असू शकतो, आणि मग १.१ म्हणजे दुप्पट. गरोदर बाईचं क्रिएटिनिन एरवी ०.४ ते ०.८ च्या दरम्यान असतं. तिथे १.० आलं तर ते नॉर्मल समजून फाइल मिटू नका.

दुसरी गोष्ट, क्रिएटिनिन उशिरा बोलतं. किडनीवर घाव बसल्यापासून आकडा चढायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जाऊ शकतात. किडनी पूर्ण थांबली तरी आकडा साधारण रोज १ ते १.५ नेच वाढतो. म्हणून साप चावून दोन तासांत आलेल्या माणसाचं क्रिएटिनिन ०.९ आलं, याचा अर्थ फक्त एवढाच की मूळ आकडा तुम्हाला फुकटात मिळाला. चार-पाच लिटर सलाईन गेल्यावर रक्त पातळ होऊन आकडा आणखी खाली दिसतो, तेही मनात असू द्या. आणि तुलना शक्यतो एकाच लॅबच्या रिपोर्टांची करा. दोन यंत्रांतला फरकच कधी कधी ०.२ च्या घरात जातो.

पायरी ३ : मूळ आकडा शोधा

याला वेळ द्या. आपल्या पेशंटकडे फाइल नसते, मेडिकलची पातळ पिशवी असते. ती कॉटवर रिकामी करायला सांगा. त्यातून मोतीबिंदूच्या शिबिरातला रिपोर्ट, लेकीच्या बाळंतपणाचं कार्ड, कुठल्याशा ऑपरेशनआधीच्या तपासण्या असं काहीबाही निघतं. नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये जुन्या रिपोर्टचे फोटो असतात, ते विचारल्याशिवाय कुणी दाखवत नाही. मागच्या वर्षभरातला, आजारी नसतानाचा आकडा सापडला तर तो सोन्यासारखा.

काहीच मिळालं नाही तर दोन शक्यता उरतात : नवा एकेआय, किंवा जुनी खराब किडनी आज पहिल्यांदा दिसतेय. फरक करायला रात्री तीनदा लघवीला उठणं, वर्षानुवर्षांची शुगर-बीपी, फिकटपणा, महिन्यांपासून मंदावलेली भूक यांची चौकशी करा आणि सोनोग्राफी बघा. दोन्ही किडन्या ९ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि पांढुरक्या दिसल्या तर दुखणं जुनं. मात्र शुगरच्या पेशंटची किडनी खराब होऊनही आकाराने चांगली दिसते. खात्री होत नसेल तोवर एकेआय समजूनच चाला, कारण त्यात काहीतरी करता येण्याजोगं असतं.

पायरी ४ : लघवी मोजा, विचारू नका

'लघवी होते का?' असं राउंडमध्ये विचारलं की उत्तर ठरलेलं : "होते की." सासरा शेजारी बसलेला असताना सुनेने याहून वेगळं काय सांगावं? सिस्टरने किंवा आशाताईने बाजूला घेऊन विचारलं की कळतं, कालपासून एकदाच झाली, तीही पेलाभर. पुरुष पेशंटही 'होते' म्हणतात, पण थेंब थेंब होते हे सांगत नाहीत. म्हणून प्रश्न असे हवेत : शेवटची कधी झाली? उजाडायच्या आधी की नंतर? किती झाली? रंग कसा होता, पाण्यासारखा, हळदीसारखा, की कोऱ्या चहासारखा?

मग मोजायला लागा. वजन काट्यावर करा, अंदाजाने लिहू नका. आपल्याकडचा ऊसतोड मजूर साठ किलोचा वाटतो आणि काट्यावर अठ्ठेचाळीस भरतो. ५० किलोच्या माणसाला ताशी २५ मिली, म्हणजे सहा तासांत १५० मिली ही किमान रेघ. ४० किलोला सहा तासांत १२०. चोवीस तासांत ४०० मिलीच्या आत म्हणजे लघवी फार कमी, १०० च्या आत म्हणजे जवळपास बंद.

युरोबॅगवरच्या (लघवी साठवायच्या पिशवीवरच्या) रेघा मोठ्या टप्प्यांच्या असतात आणि पिशवी कॉटला तिरकी लटकलेली असते. तिच्यावरून वाचलेले '५० मिली' हे ८० असतील किंवा २० सुद्धा. दर तासाला, निदान दर दोन तासांनी, लघवी मोजपात्रात काढून मोजा. मोजपात्र नसेल तर सलाईनची रिकामी प्लास्टिक बाटली वरून कापा, बाजूला छापलेल्या रेघा आयत्या मिळतात. हातमोजे घाला, प्रत्येक पेशंटला वेगळी बाटली, आणि बाटलीवर कॉट नंबर. उशाशी एक कागद चिकटवा : वेळ, आत गेलं किती, बाहेर आलं किती, सही. रात्रपाळी बदलताना सिस्टरने तो कागद हातात घेऊनच बोलायचं. माझ्या मते हा कागद सुरू झाला की वॉर्डातलं निम्मं काम झालं. महागडी तपासणी नंतर.

सगळ्यांना कॅथेटर (लघवीची नळी) घालत सुटू नका, जंतुसंसर्ग त्याच वाटेने येतो. शॉकमधला, बेशुद्ध, किंवा लघवी तुंबल्याची शंका असलेला पेशंट असेल तरच घाला, आणि गरज संपली की त्याच दिवशी काढा. लघवी भरपूर होतेय म्हणजे किडनी ठीक, असंही नाही. अमिकासिन-जेंटामायसिनने होणाऱ्या इजेत पाच-सात दिवसांनी क्रिएटिनिन चढतं आणि लघवी मात्र दीड-दोन लिटर चालूच असते.

पायरी ५ : बिघाड कुठे आहे?

शेतकऱ्याची मोटर पाणी फेकेना झाली की तो तीन ठिकाणी बघतो : विहिरीत पाणी आहे का, मोटर जळाली का, पाइप कुठे तुंबला का. किडनीचं तेच. रक्तपुरवठा कमी पडला, किडनीलाच इजा झाली, की पुढची वाट अडली. नातेवाइकांना समजावतानाही हे तीन प्रश्न कामी येतात.

तपासायला सुरुवात पाइपापासून करा, कारण ते सर्वांत सोपं आणि सर्वांत जास्त विसरलं जाणारं. बेंबीखाली हात ठेवा, बोटांनी वाजवून बघा. म्हाताऱ्या पुरुषाची मूत्राशयाची गोटी बेंबीपर्यंत आलेली असते आणि वरून लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन चालू असतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सर्दीच्या गोळीनेसुद्धा प्रोस्टेटवाल्याची लघवी तुंबते. कॅथेटर घातल्यावर धो-धो लघवी आली तर निदानही झालं आणि उपचारही. फक्त पुढचे काही तास ती मोजत राहा, कारण अडथळा सुटल्यावर लघवी इतकी होऊ शकते की पेशंट कोरडा पडतो. बायांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर दोन्ही मूत्रनलिका दाबतो, तेव्हा अंगावरून जाण्याबद्दल विचारा. लघवी एकदम पूर्ण बंद झाली असेल तर अडथळ्याचा विचार पहिला. सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसते, पण सुरुवातीच्या तासांत किंवा पेशंट फार कोरडा असताना फुगवटा दिसत नाही.

पायरी ६ : पाणी कमी की पाणी जास्त

हा निर्णय चुकला तर पेशंट हातचा जातो, दोन्ही बाजूंनी. जीभ, काख, नाडी, हातपायांचा गारवा, नखावर दाबून रंग परतायला लागणारा वेळ, झोपून आणि बसवून घेतलेलं बीपी हे सगळं कोरडेपणाकडे बोट दाखवतं. मानेची शीर फुगलेली, छातीच्या तळाशी करकर, पायावर सूज, ऑक्सिजन घसरतोय, हे पाणी जास्त झाल्याचं. दोन्हीचा निवाडा एका तपासणीत होत नाही, दर तास-दोन तासांनी पुन्हा हात लावून बघावं लागतं.

कोरडा असेल तर २५० ते ५०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट) किंवा नॉर्मल सलाईन लवकर द्या आणि पुन्हा तपासा. बीपी सुधारलं, लघवी सुरू झाली तर पुढे द्या. दोन-तीनदा देऊनही लघवी नाही आणि छातीत करकर सुरू झाली, तर थांबा. आपल्याकडे सलाईनवर लोकांची श्रद्धा आहे, बाटली संपली की नातेवाईक दुसरी आणून देतात, आणि लघवी बंद झालेल्या माणसाच्या फुप्फुसात आपण पाणी भरतो. फ्युरोसेमाइडने किडनी बरी होत नाही. अंगात साठलेलं पाणी काढायला ते वापरतात. कोरड्या पेशंटला ते दिलं तर इजा वाढते. 'आरएलमध्ये पोटॅशियम असतं, किडनीवाल्याला चालत नाही' हे वाक्य तुमच्या कानावर पडेल. एका लिटरमध्ये ते ४ मिलिइक्विव्हॅलंट असतं, म्हणजे रक्तात असतं तेवढंच. तेवढ्यावरून आरएल टाळायचं कारण नाही.

पायरी ७ : तपासण्या

पट्टीने लघवी तपासणं पाच मिनिटांचं काम आहे, ते कॅथेटर घालताना किंवा पहिल्या लघवीतच उरका. प्रथिनं आणि रक्त दोन्ही भरपूर, वर सूज आणि बीपी चढलेलं, तर किडनीच्या गाळण्यांची सूज आहे. असा पेशंट ठेवून घेऊ नका. पट्टीवर रक्त पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नाहीत, तर स्नायूंचं किंवा फुटलेल्या रक्तपेशींचं रंगद्रव्य उतरतंय. उष्माघात, डाय, साप, मोरचूद या सगळ्यांत हे दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली मळकट तपकिरी साचे दिसले तर किडनीतल्या नलिकांना इजा झालीय.

रक्तातल्या युरियाबद्दल एक खबरदारी. पुस्तकांत गुणोत्तर बीयूएनचं (युरियातल्या नायट्रोजनचं) दिलेलं असतं : क्रिएटिनिनच्या वीसपटीहून जास्त म्हणजे रक्तपुरवठ्याची कमतरता. आपल्या लॅब बहुधा युरिया छापतात. बीयूएन काढायला युरियाला २.१४ ने भागायचं. युरियावरच हिशेब करायचा तर रेघ त्रेचाळीसपटीच्या आसपास येते. युरिया ६४ आणि क्रिएटिनिन १.६ असं बघून पाठ केलेला वीसचा नियम थेट लावला तर कोरडेपणाचा निष्कर्ष फार सहज निघतो. पोटातल्या रक्तस्रावाने आणि स्टेरॉइडने युरिया वाढतो, आणि जेमतेम भाकरी-चटणीवर असलेल्याचा तो कमी असतो, म्हणून या गुणोत्तराला मी फार भाव देत नाही.

सोडियम, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, लिव्हरच्या तपासण्या, तापात मलेरिया-डेंग्यू हे नेहमीचंच. सोनोग्राफी चोवीस तासांत व्हावी, तुंबल्याची शंका असेल तर त्याआधीच.

पायरी ८ : पोटॅशियम, म्हणजे ईसीजी आधी

लघवी घटली की पोटॅशियम अंगात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. म्हणून लघवी कमी झालेल्या प्रत्येक पेशंटचा ईसीजी भरतीच्या वेळीच काढा. पोटॅशियमचा रिपोर्ट जिल्ह्याहून यायची वाट बघू नका. पोटॅशियम चढलं की ईसीजीवर आधी टी लाटा उंच, टोकदार, तंबूसारख्या होतात. मग पी लाट सपाट होते, क्यूआरएस रुंद होतो, आणि शेवटी सगळं एका वळणदार रेघेत मिसळतं. हा क्रम प्रत्येकात पुस्तकाप्रमाणे चालत नाही. ईसीजी साधा दिसतो आणि पोटॅशियम ७ असतं, असंही होतं. उलट बाजूने, घट्ट पट्टा बांधून मूठ वळायला लावून काढलेलं, मोटारसायकलवर तासभर हिंदकळलेलं रक्त पोटॅशियम खोटं जास्त दाखवतं. ईसीजी चांगला आणि नमुन्यातल्या रक्तपेशी फुटलेल्या असतील तर लगेच पुन्हा पाठवा.

ईसीजी बिघडला असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, ईसीजी बघत तीन ते पाच मिनिटांत शिरेतून हळू. पाच-दहा मिनिटांत बदल उतरले नाहीत तर पुन्हा. त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदय अर्धा-एक तास सांभाळलं जातं. त्या वेळात साध्या इन्शुलिनचे १० युनिट आणि २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली द्या, सोबत सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन, आणि वरच्या रुग्णालयाला फोन. पुढचे पाच-सहा तास दर तासाला शुगर बघा. किडनी बंद असली की इन्शुलिन अंगात रेंगाळतं आणि रुग्णवाहिकेतच शुगर खाली जाते. बायकार्बोनेट द्यायचं झालं तर कॅल्शियमच्याच नळीतून देऊ नका, नळीत साका होतो.

पायरी ९ : साप चावलेला पेशंट

घोणस आणि फुरसे दोन्ही आपल्याकडे आहेत, आणि किडनी बसवण्यात घोणस पुढे. विष उतरवायला मंदिरात घालवलेले तास, करकचून बांधलेली दोरी आणि जखमेवर मारलेलं ब्लेड हे सगळं घेऊन माणूस येतो. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी तुम्ही स्वतः करा. कोरड्या, स्वच्छ काचेच्या साध्या नळीत दोन-तीन मिली ताजं रक्त, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं म्हणजे गोठत नाही, सर्पविषाची लस सुरू. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर उत्तर खोटं येतं.

पण रक्त गोठायला लागलं म्हणून पेशंटला मोकळं करू नका. किडनीची कहाणी इथून पुढे सुरू होते. कमरेत दोन्ही बाजूंना दुखतंय, लघवी लालसर-तपकिरी आहे, तासाची लघवी घटतेय, हे क्रिएटिनिनच्या आधी कळतं. निदान पहिले तीन दिवस रोज क्रिएटिनिन, तासाची लघवी आणि पट्टी. चेहरा आणि डोळ्यांभोवती सूज येऊन बीपी पडत असेल तर केशवाहिन्या पाझरताहेत, हे लक्षण वाईट. लघवी पूर्ण बंद पडून आठवडे उलटले तर किडनीच्या बाहेरच्या थराला कायमची इजा झालेली असू शकते. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक अजिबात नाही, पॅरासिटामॉल द्या.

पायरी १० : केव्हा पाठवायचं आणि काय लिहून पाठवायचं

पोटॅशियम ६.५ च्या वर किंवा ईसीजीत बदल, औषधाला न जुमानणारी धाप, गुंगी किंवा झटके, छातीत घासल्यासारखा आवाज, बारा तास लघवी नाही, एकेआयच्या तीव्रतेची तिसरी पायरी, पट्टीवर रक्त-प्रथिनांसह चढलेलं बीपी, गरोदर किंवा ओली बाळंतीण : यांतलं एकही असेल तर डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी हलवा. आधी फोन करून जागा आहे का ते विचारा. पेशंट १०८ मध्ये चढवण्याआधी कॅल्शियम, ऑक्सिजन, शुगर बघून घ्या. हिंगोलीहून नांदेड काय किंवा भूमहून धाराशिव काय, रस्त्यात हात बांधलेले असतात. डायलिसिस म्हटलं की घरचे घाबरतात, 'एकदा लावलं की कायमचं लागतं' असं म्हणतात. एकेआयमध्ये ते बहुधा तात्पुरतं असतं, हे निघण्याआधी सांगा. खर्च शासकीय योजनेत कसा बसतो ते आरोग्यमित्राकडून विचारून द्या, नाहीतर माणूस वाटेतूनच गावाकडे वळतो.

चिठ्ठीत 'अॅक्यूट रीनल फेल्युअर, उच्च उपचारासाठी' एवढंच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. क्रिएटिनिनचे सगळे आकडे तारखेसह, मूळ आकडा माहीत असेल तर तो, मागच्या चोवीस तासांत आत किती गेलं आणि लघवी किती झाली, लस किती कुप्या आणि किती वाजता, शेवटचं पोटॅशियम, ईसीजीची प्रत, दिलेली आणि थांबवलेली औषधं. उशाशी चिकटवलेला तो कागद फोटो काढून तसाच पाठवला तरी चालेल.

पेशंट तुमच्याकडेच बरा झाला तर डिस्चार्ज कार्डावर 'किडनीला इजा झाली होती' हे मराठीत, ठळक लिहा, घरी जातानाचं क्रिएटिनिन लिहा, आणि पिशवीत ते कार्ड सगळ्यात वर ठेवायला सांगा. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलवरून परस्पर घ्यायच्या नाहीत, हे पेशंटला आणि त्याच्यासाठी गोळ्या आणणाऱ्या पोरालाही सांगा. थांबवलेलं टेल्मिसार्टन आणि शुगरचं मेटफॉर्मिन पुन्हा केव्हा सुरू करायचं याची तारीख घाला. नाहीतर एक जण ते कधीच सुरू करत नाही आणि दुसरा बसस्टँडवरच गोळी तोंडात टाकतो. आठ-दहा दिवसांत एक क्रिएटिनिन, तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं. ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल तर ती तारीख दसऱ्याच्या आधीची द्या, कारण त्यानंतर ते कारखान्यावर गेलेले असतात.